घर मिळाले, शेजार मिळाला काय?

आमच्या समाजातील शिकलेली मुले-मुली आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाहीत. कोणी टोरंटोजवळच्या ब्रॅम्प्टन शहरात, कोणी मिसिसागात, कोणी पश्चिम किनाऱ्यावरील सरे अथवा बर्नबी येथे राहते, आणि तेथून घरी छायाचित्रे येतात. छायाचित्रात दुमजली घर असते, पुढे हिरवळ असते, दाराशी मोटार उभी असते. ज्यांचे आजे-पणजे गावकुसाबाहेर जन्मले, त्या आईबापांना ते चित्र पाहून कृतकृत्य वाटावे हे स्वाभाविकच आहे. त्यांचा आनंद उणा करण्याची आमची मुळीच इच्छा नाही. परंतु घर म्हणजे केवळ चार भिंती आणि छप्पर नव्हे, ही गोष्ट आमच्याइतकी दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? महारवाड्यातही घरे होतीच. नव्हता तो शेजार. म्हणून ह्या परदेशी उपनगरांत घर कोणाला मिळत आले आणि शेजार कोणाला मिळतो, ह्याची थोडी चौकशी करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कॅनडा हा समतेचा देश, असे आपण ऐकतो. आज तो बऱ्याच अंशी तसा आहेही. पण तेथील जमिनीच्या करारांत एके काळी कोणती कलमे असत, ती पाहावी. व्हँकूव्हरपलीकडील डोंगरउतारावर गिनेस घराण्याच्या भांडवलावर १९३० नंतरच्या दशकात ‘ब्रिटिश प्रॉपर्टीज’ नावाची श्रीमंत वसाहत उभी राहिली. आफ्रिकी अथवा आशियाई वंशाच्या माणसाने तेथे राहू नये, अशी अट तेथील जमिनीच्या करारात होती. मात्र घरमालकाचा नोकर म्हणून तो राहिल्यास हरकत नव्हती! राबणारे हात चालतात, त्या हातांचे बिऱ्हाड चालत नाही, हा न्याय आम्हांस नवा वाटण्याचे कारण नाही.

ह्या अटींविरुद्ध जे लढे झाले त्यांतील दोन ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. टोरंटोच्या ईस्ट यॉर्क भागात कामगारांच्या एका शिक्षणसंस्थेने घर बांधण्यासाठी भूखंड घेतला. ज्यूंना व ‘आक्षेपार्ह’ राष्ट्रीयत्वाच्या लोकांना तो विकू नये, असे त्याच्या खरेदीखतात नमूद होते. संस्थेचे चालक ड्रमंड रेन न्यायालयात गेले. १९४५ साली न्यायमूर्ती केलर मकाय यांनी ही अट सार्वजनिक हिताला बाधक म्हणून रद्द ठरविली आणि निकालपत्रात त्याच वर्षी जन्मलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचा आधार घेतला. निकाल स्वच्छ होता. माणसामाणसांत फूट पाडणारा करार राष्ट्राला घातक आहे, असे त्यात न्यायाधीशाने उघडपणे म्हटले.

दुसरे प्रकरण ह्यूरन सरोवराकाठच्या बीच ओ’ पाइन्स ह्या विश्रामवसाहतीतले. तेथील एका बाईंनी आपले घर एका ज्यू व्यापाऱ्यास विकण्याचे ठरविले. खरेदीखतात ज्यू, निग्रो अथवा अन्य वर्णाच्या वंशाला किंवा रक्ताला मज्जाव होता, म्हणून शेजारी आडवे आले. ऑन्टॅरिओच्या दोन्ही न्यायालयांनी शेजाऱ्यांची बाजू उचलून धरली. १९५० च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली खरी. पण कोणत्या कारणाने? अट अमानुष आहे, असे न्यायालय म्हणाले नाही. ती जमिनीच्या वापराविषयी नसून माणसांविषयी आहे, आणि अमुक माणसात अमुक रक्त आहे की नाही हे ठरविता येत नाही, म्हणून ती संदिग्ध आहे, असे न्यायालय म्हणाले. विकणारीची बाजू जिंकली. पण भेदाचा पराभव नीतीच्या मैदानावर झाला नाही. व्याकरणाच्या मैदानावर झाला. त्याच वर्षी ऑन्टॅरिओच्या विधिमंडळाने असल्या कलमांना बंदी केली, तीही पुढे होणाऱ्या करारांपुरती. ब्रिटिश कोलंबियात जुनी कलमेही निरर्थक ठरावयास १९७८ साल उजाडावे लागले.

कलम गेले, तरी शहर ज्या साच्यात ओतले जात होते तो साचा गेला नाही. महायुद्धानंतर सरकारी हमीच्या गृहकर्जांवर उपनगरे वाढली. १९५३ च्या सुमारास ई. पी. टेलर ह्या मद्यउद्योगपतीच्या जमिनीवर, मॅक्लिन हॅनकॉक नावाच्या तरुण रचनाकाराच्या आराखड्याप्रमाणे, टोरंटोच्या ईशान्येस डॉन मिल्स उभे राहू लागले. सुमारे दोन हजार एकर जमीन, चार वस्त्या, आणि प्रत्येक वस्तीच्या मध्यभागी प्राथमिक शाळा. वस्तीच्या मध्यभागी देऊळ नाही, वाडा नाही, तर शाळा असावी, ही कल्पना आमच्या अंतःकरणाला भिडते हे आम्ही लपवीत नाही. परंतु पुढच्या उपनगरांनी डॉन मिल्सचे सर्व गुण घेतले नाहीत. वळणदार रस्ते आणि मोटारीवाचून पाऊल न उचलण्याची सक्ती तेवढी घेतली. मोठमोठे विभाग एका भूखंडावर एकाच कुटुंबाचे स्वतंत्र घर ह्या नियमाने बांधून टाकण्यात आले. नियमात वंशाचे नाव कोठेही नव्हते. पण ज्याला एवढा भूखंड परवडत नाही तो आपोआपच बाहेर राहिला. जुने कलम माणसाचे नाव घेऊन दार लावीत होते. नवे कलम किंमत सांगून लावू लागले. ऑन्टॅरिओने २०२२ साली एका भूखंडावर तीन बिऱ्हाडांस मुभा दिली, ब्रिटिश कोलंबियाने २०२३ साली तसाच कायदा केला. सत्तर वर्षांनंतर का होईना, राज्यकर्त्यांना चूक उमगली, एवढे म्हणता येईल.

आणि तरीही उपनगरांचा रंग पालटला, हे तेथील कष्टकरी स्थलांतरितांचे श्रेय. २०२१ च्या जनगणनेनुसार ब्रॅम्प्टनची लोकसंख्या साडेसहा लाखांवर आहे आणि तिच्यातील निम्म्याहून अधिक माणसे दक्षिण आशियाई वंशाची आहेत. ट्रक चालवून, कारखान्यात पाळ्या करून, दोन-तीन पिढ्यांची मिळकत एकत्र करून त्यांनी ही घरे घेतली. त्यांना सुखाने राहू दिले गेले, असेही नाही. १९९५ साली शेजारच्या मार्कम शहराच्या उपमहापौर कॅरोल बेल यांनी, चिनी लोक व चिनी दुकाने एकवटल्यामुळे जुने रहिवासी शहर सोडून जात आहेत, अशा आशयाचे उद्गार काढले. आसपासच्या शहरांच्या महापौरांनी त्याचा निषेध केला. आज त्या मार्कममध्ये पाचांपैकी चार माणसे गोरेतर आहेत.

आता ह्या घरांच्या आत जाऊ. वरच्या दोन मजल्यांवर मालकाचे कुटुंब, आणि तळघरात भाडेकरू. घराचा हप्ता भागतो तो पुष्कळदा तळघराच्या भाड्यातून. भाडेकरू बहुधा आपल्याच देशातून आलेला विद्यार्थी. सार्वजनिक ग्रंथालय, पोहण्याचा तलाव, बर्फावरील खेळाचे मैदान, नगरपालिकेचे सभागृह ह्या गोष्टी तेथे सर्वांना खुल्या असतात. चवदार तळ्याचे पाणी ज्यांना झगडून घ्यावे लागले त्यांच्या मुलांना नगरपालिकेच्या तलावात पोहण्यासाठी कोणी जात विचारीत नाही, हे लहानसहान सुख नव्हे. भर हिवाळ्यात बर्फ उपसताना न बोलणारा शेजारीही फावडे घेऊन मदतीस येतो, असे आम्ही ऐकतो. जात विचारली जाते ती निराळ्या ठिकाणी, आणि विचारणारे आपलेच देशबांधव असतात. आडनाव काय, गाव कोणते, घरी मांस शिजते काय, हे प्रश्न सातासमुद्रांपलीकडे त्यांच्याबरोबर सामानात गेले.

हा आमचा कल्पनाविलास नाही. २०२३ साली ब्रिटिश कोलंबियाच्या मानवी हक्क न्यायाधिकरणाने, ज्या टॅक्सीचालकास त्याच्याच भारतीय वंशाच्या सहकाऱ्यांनी जातिवाचक शब्दाने हिणविले होते, त्यास नुकसानभरपाई देवविली. त्याच वर्षी मार्चमध्ये टोरंटोच्या शाळामंडळाने जातिभेदाची दखल घेणारा ठराव १६ विरुद्ध ५ मतांनी संमत केला. बर्नबीच्या नगरपालिकेने भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. बर्नबीतच सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या ग्रंथालयात बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. ऑक्टोबरात ऑन्टॅरिओच्या मानवी हक्क आयोगाने जाहीर केले की, जातीवरून केलेला भेद हा वंश, कुळ, पंथ इत्यादी विद्यमान सदरांखाली प्रांताच्या मानवी हक्क संहितेत निषिद्धच आहे. हे सर्व घडले ते तेथील आंबेडकरी व रविदासी बांधवांनी, आणि त्यांच्या जोडीला उभ्या राहिलेल्या इतरांनी, वर्षानुवर्षे अर्ज केले, साक्षी दिल्या म्हणून. शाळामंडळाच्या ठरावास विरोध करावयास आलेल्या मंडळींचे म्हणणे असे होते की, जात आता राहिलेलीच नाही. जी वस्तू नाहीच, तिच्या निषेधाचे एवढे दुःख का व्हावे, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

परंतु ह्या संहितेला एक उंबरठा आहे, आणि आमच्या वाचकांनी तो नीट पाहून ठेवावा. भाड्याने जागा देताना भेद करण्यास ऑन्टॅरिओत मनाई आहे. मात्र भाडेकरूस घरमालकाचे अथवा त्याच्या कुटुंबाचे स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर सामाईक वापरावे लागत असेल, तर तेथे ही मनाई लागू नाही. ब्रिटिश कोलंबियाच्या कायद्यातही ह्याच धर्तीचा अपवाद आहे. तळघरात स्वतंत्र चूल असेल तर कायदा विद्यार्थ्याच्या पाठीशी. चूल मालकाची असेल तर कायदा दाराबाहेर थांबतो. आपल्या राहत्या घरात कोणाला घ्यावे ह्याचे स्वातंत्र्य माणसास असावे, हा त्यामागील विचार समजण्याजोगा आहे, आणि एरवी आम्ही त्याला नावे ठेवली नसती. पण जातीचे ठाणे कोठे असते? ते चुलीपाशीच असते. रोटीव्यवहार तोडून ज्यांनी माणूस तोडला, त्यांच्या स्वयंपाकघराला कायद्याने नेमकी सूट द्यावी, हा योगायोग फार महाग पडणारा आहे. ज्या विद्यार्थ्याजवळ पैसे सर्वांत कमी, तोच सामाईक चुलीची खोली घेतो. म्हणजे संरक्षणाची गरज ज्याला अधिक, त्यालाच ते नाही. आयोगापुढे पुढचा अर्ज करावयाचा असेल तर तो ह्या उंबरठ्याविषयी करावा, असे तेथील बांधवांस आम्ही सुचवितो. आडनाव विचारून खोली नाकारली गेली तर जाहिरात, निरोप, तारीख जपून ठेवावी. चूल स्वतंत्र होती की सामाईक, तेही लिहून ठेवावे.

अर्ज निकालात निघेपर्यंत मात्र मुलांनी राहावयाचे कोठे? येथे आम्हांस आपल्याच माणसांशी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. ब्रॅम्प्टन-सरेत आपल्यातील ज्यांची स्वतःची घरे झाली आहेत, त्यांतील काहीजण शेजाऱ्यांना कळू नये म्हणून आडनाव सांगताना अडखळतात, भिंतीवरचे बाबासाहेबांचे चित्र पाहुणे येताना आतल्या खोलीत नेतात. त्यांच्या भीतीची आम्ही थट्टा करीत नाही. ती त्यांनी कमावलेली नाही, त्यांच्यावर लादलेली आहे. पण ज्या तळघरात आपल्या समाजाचा विद्यार्थी निःशंकपणे भाकरी खाऊ शकेल असे तळघर त्यांच्या घरात असताना, ते केवळ भाड्याच्या हिशेबाने भरावे काय? आणि आपल्या मुलास खोली देताना दुसऱ्या एखाद्या उपेक्षित जातीच्या मुलास आपणच प्रश्न विचारीत नाही ना, हेही त्यांनी मनाशी तपासावे.

२०२४ पासून कॅनडा सरकारने परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली आहे, तेव्हा जाणारे पूर्वीपेक्षा कमी असतील. तेथील बहुतेक महाविद्यालयांचे सत्र सप्टेंबरात सुरू होते. मुले ऑगस्टात निघतात. तेथे स्थायिक झालेल्या बांधवांनी आपल्या घरातील रिकामी खोली, तिचे भाडे आणि चूल सामाईक की स्वतंत्र, एवढा मजकूर जुलैच्या आत येथील विहारांना कळवावा. पाठविणाऱ्या आईबापांनीही शुल्काची रक्कम भरण्यापूर्वी विहारात ही चौकशी करावी.