अमेरिकेतील जावई, इकडची लेक आणि कराच्या कागदावरची सही

चिपळूणकडील एका वाचक व्यापाऱ्यांचे पत्र आमच्याकडे आले आहे. त्यांच्या मुलीचा निकाह २०२५ च्या डिसेंबरात झाला. जावई शिकागोजवळ नोकरीस आहेत, ग्रीन कार्डधारक आहेत. रुख्सती अजून व्हायची आहे, कारण मुलीचा व्हिसा आलेला नाही. आता जावयांनी तिकडून एक निवेदन पाठवून त्यावर मुलीची सही मागितली आहे आणि तिचा मूळ पासपोर्टही मागितला आहे. अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याला तो दाखवावा लागतो म्हणे. पत्रलेखक विचारतात, "मुलीने अमेरिकेत एक डॉलर कमावलेला नाही. तिचा तिथल्या कराशी संबंध काय? सही द्यावी की न द्यावी?"

प्रश्न एका घरचा नाही. कोकणात, मुंबईत, पुण्यात आमच्या बिरादरीतील कितीतरी मुली निकाहानंतर दोन-दोन वर्षे व्हिसाची वाट पाहत माहेरी असतात. मुलाचे शिक्षण, पगार, घराणे, सगळी चौकशी आपण करतो. या कागदाची चौकशी मात्र कोणी करीत नाही. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आपल्याकडे नवऱ्याचे विवरणपत्र वेगळे आणि बायकोचे वेगळे. दोघांचे उत्पन्न एका कागदावर मांडून कर भरण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. अमेरिकेत आहे. तिथे प्रत्येकाला विवरणपत्र भरताना आपला दर्जा सांगावा लागतो: अविवाहित, विवाहित-संयुक्त, विवाहित-स्वतंत्र, कुटुंबप्रमुख असे काही. दर्जा बदलला की वजावट बदलते, कराचे टप्पे बदलतात आणि काही सवलती मिळतात किंवा हातच्या जातात.

पहिली गोष्ट ही की दर्जा ठरतो तो ३१ डिसेंबरच्या स्थितीवर. त्या दिवशी माणूस विवाहित असेल तर कायद्याने तो पूर्ण वर्ष विवाहित. जिथे लग्न झाले तिथल्या कायद्याने ते वैध असले की अमेरिकेचे करखाते ते सहसा मानते, आणि आपल्याकडे झालेला निकाह वैध विवाह आहे. रुख्सती मे महिन्यात ठरली आहे, मुलगी अजून माहेरीच आहे, याला करखात्याच्या दृष्टीने अर्थ नाही. २७ डिसेंबरला निकाहनाम्यावर सह्या झाल्या तर मुलगा त्या अख्ख्या वर्षासाठी विवाहित ठरला.

आमची पोरे इथेच चुकतात. बायको अजून आलेली नाही, तिचा नंबर नाही, मग कशाला भानगड, असे म्हणून 'अविवाहित' या खान्यावर खूण करून मोकळी होतात. हे चूक आहे आणि धोक्याचेही आहे. एकीकडे हाच मुलगा पत्नीला आणण्यासाठी इमिग्रेशन खात्याकडे अर्ज करतो की मी विवाहित आहे, ही माझी पत्नी. पुढे तिच्या भरणपोषणाची हमी देताना त्याला आपले कर विवरणपत्र जोडावे लागते. एका सरकारच्या दोन खात्यांना दोन वेगळ्या गोष्टी सांगितलेल्या कागदावर उघड दिसतात, आणि मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीला बसलेली आपली लेक त्याचे उत्तर काय देणार? असे कोणी केले असेल तर दुरुस्तीचे विवरणपत्र भरून चूक सुधारता येते. ती आधी सुधारावी, मग पुढचे पाहावे.

'कुटुंबप्रमुख' या दर्जाचेही असेच. पत्नी परदेशी असून अमेरिकेत राहत नसेल तर कायदा काही बाबतीत नवऱ्याला अविवाहितासारखा मानतो, हे खरे. पण त्यासाठी पत्नी सोडून दुसरे कोणी पात्र माणूस त्याच्यावर अवलंबून हवे, जसे की वर्षाच्या निम्म्याहून अधिक काळ त्याच्या घरी राहणारे मूल. रत्नागिरीत राहणाऱ्या आई-वडिलांना दरमहा पैसे पाठवतो म्हणून मी कुटुंबप्रमुख, हे चालत नाही. आई-वडील अमेरिकेचे नागरिक किंवा रहिवासी नसतील तर ते अवलंबित धरले जात नाहीत. अपवाद फक्त कॅनडा आणि मेक्सिकोच्या रहिवाशांचा. आपल्या दृष्टीने मुलगा घर चालवतो, त्यांच्या दृष्टीने नाही. वाईट वाटून घेऊन उपयोग नाही.

म्हणजे खरी निवड उरते ती संयुक्त आणि स्वतंत्र या दोनांत.

स्वतंत्र विवरणपत्रात जावई फक्त आपले उत्पन्न दाखवतात. पत्नीच्या नंबराच्या जागी ती अनिवासी परदेशी आहे असे लिहिले की झाले. तिचा पासपोर्ट नको, सही नको, तिच्या इकडच्या उत्पन्नाशी अमेरिकेचा संबंध नाही. पण कर जास्त बसतो आणि शिक्षणावरच्या सवलतींसारख्या काही सवलती मिळत नाहीत.

संयुक्त विवरणपत्रासाठी मात्र अनिवासी पत्नीला करापुरते अमेरिकेची रहिवासी मानावे, अशी निवड दोघांनी मिळून करावी लागते. पत्रलेखकांकडे आलेले निवेदन ते हेच. पहिल्या संयुक्त विवरणपत्राला ते दोघांच्या सह्यांनिशी जोडतात. जावई ग्रीन कार्डधारक असोत, नागरिक असोत, किंवा एच-१बी वर असून करापुरते रहिवासी ठरलेले असोत, नियम हाच.

आता आकडे पाहू. जावयांचा पगार वर्षाला ६०,००० डॉलर धरू. २०२५ सालच्या उत्पन्नासाठी स्वतंत्र विवरणपत्रावर ठोक वजावट १५,७५० डॉलर आहे, संयुक्तवर ३१,५००. मुलीचे उत्पन्न शून्य असेल तर स्वतंत्र भरल्यास केंद्र सरकारचा कर सुमारे ५,०७० डॉलर येतो आणि संयुक्त भरल्यास सुमारे २,९४०. दोन हजारांहून जास्त डॉलरचा फरक. मुलगी घरी बसून भरतकाम, शिवणकाम करीत असेल, तिचे वर्षाचे उत्पन्न लाख-दीड लाख रुपये असेल, तरी हा फायदा फारसा कमी होत नाही. अशा घरांनी संयुक्त भरावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. नवरा-बायकोच्या नावाचे एकत्र विवरणपत्र पुढे व्हिसाच्या कामी लग्नाचा एक पुरावा म्हणूनही उपयोगी पडते.

पण पत्रलेखकांनी पत्राच्या शेवटी सहज एक ओळ लिहिली आहे: घरची आंब्याची बाग मुलीच्या नावावर आहे. ती ओळ वाचून आम्ही पुन्हा वही काढली.

संयुक्त निवड केली की पत्नीचे जगभरचे उत्पन्न अमेरिकेच्या हिशेबात येते, आणि तेही पूर्ण वर्षाचे. निकाहाच्या आधीच्या महिन्यांचेसुद्धा. आपल्याकडे शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून माफ आहे. अमेरिकेला ती माफी ठाऊक नाही. बागेचे निव्वळ उत्पन्न हे त्यांच्या लेखी उत्पन्नच. पीपीएफचे व्याज इथे करमुक्त, तिथे करपात्र. बँकेतील व्याज आम्ही घरात वापरत नाही, खैरात करतो, असे पुष्कळ जण सांगतील. पण ते खात्यावर जमा झाले तेव्हाच उत्पन्न झाले. दुकानाचे भाडे, दुकानाचा नफा, सर्व धरावे लागते. म्युच्युअल फंडात पैसे असतील तर त्यांच्यासाठी अमेरिकेचे नियम इतके किचकट आहेत की सल्लागाराची फीच नफा खाऊन टाकते.

भारत आणि अमेरिका यांच्यात १९८९ साली दुहेरी कर टाळण्याचा करार झालेला आहे, त्यामुळे दोनदा कर बसणार नाही, असे काही हिशेबनीस ठामपणे सांगतात. ते अर्धेच खरे आहे. इथे जो कर प्रत्यक्ष भरला त्याचीच सूट तिथे मिळते. बागेवर आपण कर भरलाच नाही तर सूट कशाची मिळणार? २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर बहुतेकांना करच लागत नाही. आपल्याला आनंद झाला, पण अमेरिकेत दाखवायला भरलेला कर उरला नाही.

हिशेबाच्या सोयीसाठी डॉलरचा भाव ८५ रुपये धरू. वरच्याच पगारावर, मुलीचे इथे कर न बसलेले उत्पन्न साधारण १५ लाख रुपयांपर्यंत असेल तोवर संयुक्त फायद्याचे. तिथे पारडे बरोबरीला येते. उत्पन्न २० लाख असेल तर संयुक्त भरल्याने जवळजवळ ७०० डॉलर जास्त जातील. पगार बदलला की आकडाही बदलेल, पण हिशेबाची रीत हीच.

पैशापेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. ही निवड एका वर्षापुरती नसते. एकदा केली की पुढील वर्षांनाही लागू राहते. पुढे दोघांनी वेगवेगळी विवरणपत्रे भरली तरी पत्नी करापुरती रहिवासीच धरली जाते आणि तिचे इकडचे उत्पन्न तिथे दाखवावेच लागते. निवड रद्द करता येते, पण रद्द झाल्यावर त्या जोडप्याला ती पुन्हा कधीच करता येत नाही. शिवाय संयुक्त विवरणपत्रावर सही करणारी पत्नी त्या संपूर्ण कराची जबाबदार होते. नवऱ्याने टॅक्सी किंवा दुकानाचा रोखीचा धंदा लपवला आणि नंतर सापडला, तर थकबाकी आणि दंड खाते तिच्याकडूनही मागू शकते. पुढे तलाक झाला तरी आधीच्या वर्षांची जबाबदारी राहते. अजाण जोडीदाराला दिलासा देण्याची तरतूद आहे, पण ती मागावी लागते आणि आपल्याला माहीत नव्हते हे पटवावे लागते. जे विवरणपत्र तिने वाचलेच नाही त्याबद्दल ती काय पटवणार?

म्हणून आमचा आग्रह आहे की फक्त सहीचे पान मागवणाऱ्या जावयांना सासऱ्यांनी नम्रपणे सांगावे: संपूर्ण विवरणपत्र पाठवा, मुलगी वाचेल, विचारील, मग सही करील. यात अविश्वास नाही. भागीदारीच्या कागदावर न वाचता सही करणारा व्यापारी आम्ही तरी पाहिलेला नाही. आणि सही मुलीने करावी, तिच्या वतीने वडिलांनी किंवा भावाने नव्हे. ही चाल आपल्याकडे आहे, म्हणून लिहिले.

पासपोर्टचे म्हणाल तर तो मागण्यात काही काळेबेरे नाही. सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या पत्नीला करासाठी वेगळा नंबर घ्यावा लागतो. डब्ल्यू-७ नावाचा अर्ज विवरणपत्रासोबत जातो आणि ओळखीसाठी मूळ पासपोर्ट किंवा तो देणाऱ्या कार्यालयाने प्रमाणित केलेली प्रत लागते. साधी नोटरी केलेली प्रत चालत नाही. मूळ पासपोर्ट टपालाने गेला तर परत यायला काही आठवडे लागतात, आणि त्याच वेळी व्हिसाची मुलाखत आली तर पंचाईत. अमेरिकेच्या करखात्याने नेमलेले मान्यताप्राप्त प्रतिनिधी मूळ पासपोर्ट पाहून लगेच परत देतात. त्यांची फी पडते, पण पासपोर्ट हातात राहतो.

आखातातील वाचकांसाठी एक ओळ. दुबईत पगारावर प्राप्तिकर नाही, म्हणून अमेरिकेचा नागरिक असलेला आपला मुलगा तिथे नोकरी करताना मोकळा झाला असे समजू नये. नागरिकाला जगात कुठेही असला तरी विवरणपत्र भरावे लागते. परदेशातील कमाईवर मोठी सूट आहे आणि १५ एप्रिलऐवजी १५ जूनची मुदत आहे, पण ही सूट विवरणपत्र भरल्यावर मिळते. पत्नी परदेशी असल्यास दर्जाचा प्रश्न त्याच्यापुढेही हाच.

पत्रलेखकांना आम्ही असे कळविले आहे. मुलीने आत्ता सही करू नये. जावयांनी या वर्षी स्वतंत्र विवरणपत्र भरावे. स्वतंत्रवरून संयुक्तवर साधारण तीन वर्षांच्या आत दुरुस्तीने जाता येते, पण मुदत उलटल्यावर संयुक्तवरून स्वतंत्रवर परत येता येत नाही. तोवर बागेचा हिशेब वेगळा काढावा, तोही एप्रिल ते मार्च नव्हे तर जानेवारी ते डिसेंबर, कारण अमेरिकेचे वर्ष तसे चालते. पेट्या किती गेल्या, फवारणी, खत, राखण, मजुरी, गाडीभाडे आणि दलाली किती, सगळे पावत्यांसह. त्यांचे उत्तर आले आहे: विक्रीच्या पावत्या आहेत, खर्चाच्या नाहीत, मजुरी आजवर तोंडी हिशेबाने दिली. येत्या हंगामापासून मुलगी स्वतः वही लिहिणार आहे.