नक्षीदार शंखातले विष

अंदमान, लक्षद्वीपच्या सहलीला गेलेले पर्यटक उथळ पाण्यात सापडलेला नक्षीदार शंख तळहातावर घेऊन छायाचित्र काढतात. तो शंख 'कोन स्नेल'चा असेल आणि आतली गोगलगाय जिवंत असेल, तर ही हौस जिवावर बेतू शकते.

नावाप्रमाणेच हा शंख शंकूच्या आकाराचा असतो. एक टोक रुंद, दुसरे निमुळते आणि तोंड म्हणजे लांबीभर गेलेली फट. मात्र यातली कोणती जात घातक, हे नक्षीवरून ठरवू नये. जिवंतपणी शंखावर अनेकदा तपकिरी पापुद्रा असतो आणि नक्षी त्याखाली झाकली जाते.

या गोगलगायी बहुधा रात्री शिकार करतात. बहुतेक जाती समुद्रातले कृमी खातात, काही इतर गोगलगायी, तर काही चक्क मासे. संथ प्राण्याला चपळ मासा धरायचा तर तो जागच्या जागी लुळा पाडावा लागतो. म्हणून निसर्गाने तिला पोकळ, भाल्यासारखा दात आणि जालीम विष दिले. माणसाचे सर्वाधिक मृत्यू मासे खाणाऱ्या 'कोनस जिओग्राफस'मुळे नोंदले गेले आहेत. तिचा दंश फारसा दुखतही नाही. पुढे बधिरपणा येतो, एकाच्या दोन वस्तू दिसतात, गिळता येत नाही आणि श्वासाचे स्नायू थकतात. यावर प्रतिविष नाही. दंश झालेला हात-पाय हलवू न देता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. वेळेवर कृत्रिम श्वास मिळाला तर जीव वाचतो.

याच विषाची दुसरी बाजूही आहे. 'कोनस मॅगस' या छोट्या जातीच्या विषातील रेणूवरून बनवलेल्या 'झिकोनोटाइड'ला अमेरिकेत 2004 मध्ये मान्यता मिळाली. पाठीच्या कण्यातील द्रवात थेट सोडले जाणारे हे औषध असह्य, जुनाट वेदनांवर वापरतात. मॉर्फिनसारखी त्याची सवय लागत नाही. पण भ्रम, मानसिक त्रास असे गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात. 2015 मध्ये जिओग्राफसच्या विषात माशांची साखर उतरवणारे इन्सुलिन सापडले. त्यावरून झटपट काम करणारे इन्सुलिन घडवण्याचे प्रयत्न सुरू झाले.

या गोगलगायींच्या शेकडो जाती आहेत आणि प्रत्येकीचे विष निराळे. प्रवाळ नष्ट होत गेले, शोभेच्या शंखांसाठी त्या वेचल्या गेल्या, तर कितीतरी औषधे सापडण्याआधीच हरवतील. शंख पाण्यातच राहू द्यावा. त्यात पर्यटकाचेही हित आहे आणि उद्याच्या रुग्णाचेही.