गवत कापण्याचे यंत्र आणि आमची हयगय



पावसाळा सरला, भातकापणी उरकत आली आणि सर्व मृतांचा दिवसही होऊन गेला. आता घरोघरची गवत कापण्याची पेट्रोलची यंत्रे पडवीच्या कोपऱ्यात उभी राहतील, आणि पुढील मृगापर्यंत त्यांची कोणास आठवण होणार नाही. म्हणूनच या आठवड्यात त्यांविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. धर्मगुरूने यंत्राविषयी काय लिहावे, असे कित्येकांस वाटेल. परंतु जो धडा आम्हांस दुसऱ्याच्या त्रासातून मिळाला, तो आपल्यापाशीच दडवून ठेवणे बरे नव्हे.

खानापूर तालुक्यातील आमच्या या गावांत पाऊस उदंड. दफनभूमीत ऑक्टोबरअखेर गवत कमरेइतके वाढते. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी क्लुनीचे मठाधिपती संत ओडिलो यांनी आपल्या मठांना नोव्हेंबरची २ तारीख मृतांच्या स्मरणार्थ लावून दिली, आणि तेथून ही प्रथा सर्व पश्चिमेकडील ख्रिस्तसभेत पसरली. त्या दिवशी प्रत्येक कुटुंबास आपल्या माणसांच्या कबरीपाशी उभे राहता यावे, यासाठी लोकांनी वर्गणी काढून आमच्या स्वाधीन एक यंत्र केले होते. २०२४ साली काम आटोपल्यावर आम्ही ते टाकीतील पेट्रोलासह वस्त्रागारामागील खोलीत ठेवून दिले. टाकी रिकामी करण्याचे मनात आले होते. पण मागाहून पाहू, असे म्हणून आम्ही दार लावले.

२०२५ सालच्या ऑक्टोबरच्या ३० तारखेस यंत्र बाहेर काढले. दोरी ओढून ओढून तरुणांचे हात भरून आले; यंत्र सुरू होईना. जुने पेट्रोल आधी काढून टाका, असे आम्ही घाईघाईने सांगितले आणि कार्यालयात निघून गेलो. ते कसे काढावे, हे सांगितले नाही. एका एकोणीस वर्षांच्या मुलाने टाकीत नळी घातली आणि तोंडाने ओढ घेतली. पेट्रोल घशाखाली उतरले, ठसक्याबरोबर थोडे छातीत गेले. सायंकाळपर्यंत त्यास श्वास घेणे कठीण झाले व बेळगावी रुग्णालयात न्यावे लागले. त्याची आई त्याच पावसाळ्यात देवाघरी गेली होती. मृतांच्या दिवशी तिच्या कबरीवर मेणबत्ती लावावयास तो येऊ शकला नाही, शेजाऱ्यांनी लावली. गवत मात्र बायामाणसांनी दोन दिवस विळ्यांनी कापून काढले.

मुलगा आता पूर्ण बरा आहे, याबद्दल आम्ही देवाचे आभार मानतो. पण दोष यंत्राचा नव्हता, मुलाचाही नव्हता. तो आमचा होता.

पेट्रोल बिघडते कसे, हे समजून घेतले म्हणजे पुढील काळजी आपोआप सुचते. आपल्या देशात आता विकल्या जाणाऱ्या पेट्रोलात बहुतेक ठिकाणी २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. ओल फार झाली म्हणजे पाणी व इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंजिन नेमके तळातले ओढते. बहुतेक लहान यंत्रांत निराळे तेल घालण्याची सोय नसते. वंगण पेट्रोलातच मिसळावे लागते. ते वंगण वरच्या थरात राहते आणि खालचे कोरडे द्रव्य इंजिनात जाते. शिवाय महिनोन् महिने पडलेले पेट्रोल उडून जाऊन मागे चिकट राळ उरते. ती कार्बुरेटरची बारीक छिद्रे बुजविते, आतील रबरी पडदा ताठर होतो आणि नळ्यांना भेगा पडतात.

यास्तव मिश्रण लागेल तेवढेच करावे व महिनाभरात संपवावे. प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते, तेच पाळावे. एक लिटर पेट्रोलास ५० ला १ असल्यास २० मिलिलिटर, ४० ला १ असल्यास २५ मिलिलिटर आणि २५ ला १ असल्यास ४० मिलिलिटर तेल लागते. तेल टू-स्ट्रोक इंजिनाचेच हवे. मोटारीचे चालत नाही.

यंत्र दीर्घकाळ ठेवण्यापूर्वी ते थंड झाल्यावर उघड्यावर न्यावे. चूल, विडी, दिवा जवळपास नसावा. टाकीचे झाकण काढून, यंत्र कलते करून, नरसाळ्यातून पेट्रोल धातूच्या डब्यात ओतून घ्यावे. नळी तोंडाला कदापि लावू नये. मग यंत्र सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे कार्बुरेटर रिकामा होतो. नंतर प्लग काढून त्या छिद्रात चमचाभराहून कमी टू-स्ट्रोक तेल सोडावे, दोरी दोन-तीन वेळा सावकाश ओढावी आणि प्लग परत बसवावा.

हवेच्या गाळणीतील स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावा. कागदी गाळणी असल्यास केवळ झटकावी. इंजिनाच्या पंखांमध्ये अडकलेले गवत काढावे. ते राहिल्यास पुढील वर्षी इंजिन तापते. पाते काढून, पुसून, त्यास तेलाचा हात द्यावा. येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी: बहुतेक यंत्रांत पात्याच्या नटाचे आटे उलटे असतात. तो नेहमीप्रमाणे फिरवून जोर केल्यास सैल होण्याऐवजी आवळतो. नायलॉनची दोरी उन्हाळ्यात कडक होते व तुटू लागते. वापरण्यापूर्वी ती दिवसभर पाण्यात भिजत ठेवल्यास पुन्हा लवचीक होते.

यंत्र भुईवर ठेवू नये, कोरड्या जागी खुंटीस टांगावे. खताच्या व मिठाच्या गोणींपासून दूर ठेवावे, कारण त्यांनी धातू गंजतो. उंदीर नळ्या कुरतडतात, म्हणून अधूनमधून पाहावे. उरलेले पेट्रोल नाल्यात वा विहिरीजवळ ओतू नये. गॅरेजवाल्याच्या हवाली करावे.

आणि माताभगिनींस आमची हात जोडून विनंती आहे. पेट्रोल पाण्याच्या बाटलीत भरून घरात ठेवू देऊ नका. तहानलेले मूल बाटली पाहते, आतले काय ते पाहत नाही. दुर्दैवाने कोणी प्यालेच, तर त्यास ओकारी काढावयास लावू नका. वर येताना पेट्रोल फुप्फुसात शिरते आणि अपाय दुणावतो. तत्काळ रुग्णालय गाठा.

प्रभूच्या दाखल्यातील शहाण्या कुमारिकांनी तेल बरोबर ठेवले म्हणून त्यांची वाखाणणी झाली. आमच्या यंत्राच्या बाबतीत तेल ठेवून देणे हेच मूर्खपणाचे ठरले. वरवर पाहता या दोन गोष्टी परस्परविरुद्ध दिसतात. पण तशा त्या नाहीत. त्या कुमारिकांनी पुढच्या घटकेचा विचार आधी केला होता. आम्ही दार लावून घेतले होते. लोकांच्या वर्गणीची वस्तू सांभाळणे हीदेखील प्रभूने सोपविलेली कारभारकी आहे, आणि मागाहून पाहू म्हणणाऱ्या कारभाऱ्याचा भुर्दंड बहुधा दुसऱ्यालाच भरावा लागतो.

नोव्हेंबरच्या १ ते ८ तारखांस दफनभूमीस भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्यांस ख्रिस्तसभा विशेष कृपालाभ देते. ते दिवस संपले की येणाऱ्या पहिल्या शनिवारी यंत्र साफ करून ठेवावयाचे, अशी रीत आम्ही आमच्या धर्मग्रामात घातली आहे. परवा त्या कामास तोच मुलगा आला. त्याने स्वतः नरसाळे धरले, डब्यावर लाल रंगाने ‘पेट्रोल’ अशी अक्षरे काढली आणि आम्हांस जरा मागे सरून उभे राहण्यास सांगितले. आम्ही मुकाट्याने मागे सरलो.

प्रभू आपल्या घरादारांचे व मुलाबाळांचे रक्षण करो.