यादी हाती असताना

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली शेतकरी आत्महत्या प्रकरणांची बैठक भरते, तेव्हा समोर येणारे कागद परभणीत काय आणि बीडमध्ये काय, तेच असतात. सातबारा, आठ-अ, बँकेची थकबाकी, वसुलीची नोटीस, पोलिसांचा नि तहसीलदारांचा अहवाल. त्यावरून प्रकरण पात्र, अपात्र किंवा फेरचौकशीसाठी प्रलंबित. पात्र ठरलं तर कुटुंबाला १ लाख रुपये; ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. निकष २००६ च्या शासन निर्णयाचे.

सरकारी पैसा द्यायचा तर कागद लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण मदतीची पात्रता तपासणं म्हणजे आत्महत्येचा अभ्यास नव्हे. माणूस एका कारणाने खचत नाही. त्याची झोप कधीपासून उडाली होती, दारू वाढली होती का, दवाखान्यात गेला होता का, कोणाजवळ मन मोकळं केलं होतं का, याचा पात्रतेशी संबंध नाही. म्हणून ते विचारायचंही कारण पडत नाही. आणि सातबाराच नसलेल्यांचं काय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यांत शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. म्हणजे जास्त माणसं जिथे जातात, तिथे फाइल उघडतच नाही. गंगाखेडहून ऊसतोडीला जाणारं भूमिहीन बिऱ्हाड या हिशेबात कुठेच नाही.

मराठवाड्यात अभ्यास झालाच नाही असं मात्र नाही. २०२३ मध्ये तेव्हाचे विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांनी सुमारे १० लाख शेतकरी कुटुंबांचं सर्वेक्षण करवून घेतलं. लाखभर कुटुंबं टोकाच्या तणावात असल्याचं त्यातून पुढे आलं. चर्चा रंगली ती हंगामाआधी एकरी १० हजार रुपये देण्याच्या शिफारशीवर, आणि ती रंगायलाच हवी होती. पण ही माणसं जिवंत होती, सरकारी माणसाने त्यांच्या दारात जाऊन विचारलं होतं. दुसऱ्यांदा त्या दारात कोण गेलं?

दारात गेल्याने फरक पडतो, हे अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत दिसलं आहे. ‘विश्राम’ प्रकल्पात गावातलीच प्रशिक्षित माणसं घरोघरी जात. बोलणं ‘डिप्रेशन’चं नसे; टेन्शनचं असे. गरज पडली तर समुपदेशक, त्यापुढे डॉक्टर. अठरा महिन्यांत, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं, आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं ५.२ वरून २.५ वर आलं. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आले. आपल्याकडे शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी आरोग्य खात्याचा ‘प्रेरणा’ प्रकल्प आहेच, त्यात परभणीही आहे. भार पुन्हा आशाताईंवर. लसीकरण, बाळंतपणं आणि दहा सर्वेक्षणं उरकून त्यांनी हेही करायचं.

श्रीलंकेने दुसरी बाजू दाखवली. अतिविषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बाजारातून काढली. १९९५ ते २०१५ या काळात तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि पिकांचं उत्पादन काही बसलं नाही. आपल्या केंद्र सरकारने २०२० मध्ये २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, २०२३ मध्ये बंदी आली ती मोजक्यांवर. कपाशीवर काय फवारावं हे सांगणारं कृषी विद्यापीठ परभणीतच आहे. कमी विषारी पर्याय कोणते आणि ते परवडतात का, हे मराठवाड्याला त्याच्याइतकं अधिकाराने कोण सांगणार?

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही २०२३ पासून इथेच आहे. या दोघांना अपात्र प्रकरणांच्या फायली, नावं झाकून, वाचायला द्याव्यात. तिथे निष्कर्षांची घाई नाही आणि कोणाचे पैसेही अडत नाहीत. आणखी एक, याला तर खर्चही नाही: टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. बँकांनी तो थकबाकीच्या नोटिशीवर, रकमेच्या खालीच, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावा.