विमान स्वस्त, वाट महाग

विमानतळ हे आज विकासाचे सर्वांत ठळक चिन्ह मानले जाते. त्याच्या भूमिपूजनाला आणि उद्घाटनाला राज्यकर्त्यांची दाटी होते, धावपट्टीची लांबी आणि टर्मिनलचे क्षेत्रफळ अभिमानाने सांगितले जाते. मात्र विमानातून उतरलेल्या सामान्य माणसाने तेथून शहराच्या मध्यवस्तीत कसे आणि किती पैशांत पोहोचावयाचे, हा साधा प्रश्न त्या समारंभात कोणी विचारीत नाही. तो पुढे कधीतरी सोडविण्यासाठी राखून ठेवला जातो, आणि तोपर्यंत त्याचे उत्तर टॅक्सीचालकाच्या मर्जीवर सोपविले जाते.

हा प्रश्न महानगरांचाच आहे, असे समजणे चूक ठरेल. 2018 साली केंद्र सरकारने देशातील मागास जिल्ह्यांची जी आकांक्षित म्हणून निवड केली, तीत धाराशिवचा समावेश होता. दुष्काळाने गांजलेल्या या जिल्ह्यातून माणसे पोटासाठी बाहेर पडतात. आखाती देशांत कामाला निघालेला गवंडी, हजला जाणारे वृद्ध दांपत्य, परदेशी शिकणाऱ्या मुलीला निरोप देण्यास आलेले शिक्षक आईवडील, हे सारे विमानतळाचे प्रवासी आहेत आणि यांपैकी कोणीही धनिक नाही. एस. टी.ने मार्च 2023 पासून महिलांना निम्मे भाडे लागू केले, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर त्याआधीच प्रवास विनामूल्य केला. धाराशिवहून मुंबईपर्यंतचे सुमारे चारशे किलोमीटर अंतर असे सवलतीत कापावयाचे आणि अखेरच्या काही किलोमीटरांसाठी त्याहून अधिक रक्कम मोजावयाची, हा व्यवहार कोणत्या हिशेबात बसतो?

मुंबईचाच इतिहास या दृष्टीने बोलका आहे. सांताक्रूझ आणि सहार येथील टर्मिनले विलेपार्ले व अंधेरी या उपनगरी स्थानकांपासून फार दूर नाहीत. तरीही रेल्वे आणि विमानतळ यांच्यामधला तो छोटा दुवा कित्येक दशके तुटलेलाच राहिला. रिक्षाला वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेस मज्जाव असल्यामुळे, सामान घेऊन बोरीबंदरकडे जाणाऱ्याला टॅक्सी तरी करावी लागे किंवा लोकलच्या गर्दीत सामानासह स्वतःला कोंबून घ्यावे लागे. ऑक्टोबर 2024 मध्ये भुयारी मेट्रोचा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा सुरू झाला, मे 2025 मध्ये ती वरळीपर्यंत आली आणि ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडला पोहोचली. या मार्गावर दोन्ही टर्मिनलांसाठी स्थानके आहेत आणि संपूर्ण मार्गाचे कमाल भाडे 70 रुपये ठेवण्यात आले. लातूर-मुंबई गाडीने धाराशिवहून निघालेला प्रवासी आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून तेथूनच मेट्रोने विमानतळ गाठू शकतो. जे आज शक्य झाले, ते इतक्या उशिरा व्हावे याला अंतर कारणीभूत नव्हते. त्याची निकड कोणाला वाटली नाही, हेच खरे कारण होय.

केवळ रूळ टाकल्याने मात्र काम भागत नाही. दिल्लीत 2011 साली विमानतळासाठी स्वतंत्र जलद मेट्रो सुरू झाली, परंतु भाडे चढे असल्याने प्रवाशांनी तिच्याकडे पाठ फिरविली. 2013 मध्ये खासगी कंपनीने अंग काढून घेतले, सार्वजनिक महामंडळाने ती ताब्यात घेऊन पुढे भाडे उतरविले, तेव्हा कोठे प्रवासी वाढले. लंडनमध्ये हीथ्रो विमानतळापर्यंत 1977 साली साधी भुयारी रेल्वे नेण्यात आली. महागडी जलद गाडी आली ती 1998 साली, आणि ती आल्यावरही साध्या गाडीचा मार्ग बंद झाला नाही. ज्याला घाई आहे त्याने जास्त पैसे मोजावेत, ज्याला परवडत नाही त्याची वाट मात्र अडू नये, हे तारतम्य त्या व्यवस्थेत आहे.

विमानाने जाणाऱ्यांसाठी स्वस्त वाहनाची चिंता सरकारने का वाहावी, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु 2016 साली जाहीर झालेल्या ‘उडान’ योजनेत तासाभराच्या उड्डाणासाठी सुमारे अडीच हजार रुपयांची भाडेमर्यादा सरकारनेच घातली होती. सामान्यांनी विमानात बसावे असे वाटत असेल, तर त्यांनी विमानापर्यंत पोहोचावे असेही वाटले पाहिजे. शिवाय विमानतळावर रोज येजा करणाऱ्यांत सफाई कामगार, हमाल, सुरक्षारक्षक आणि उपाहारगृहातील पोरेही असतात. त्यांना टॅक्सी परवडेल, असे कोण म्हणेल?

मराठवाड्यातील अनेकांना जवळचे मोठे शहर पुणे. तेथील मेट्रो मार्च 2024 मध्ये रामवाडीपर्यंत आली. परंतु लोहगावचा विमानतळ त्यापुढे काही किलोमीटर उरतोच, आणि तेथे प्रवाशाला पुन्हा वाहन बदलावे लागते. आता पुरंदर तालुक्यात नवा विमानतळ उभारण्याचे ठरले आहे. तो शहरापासून कितीतरी दूर असणार. भूसंपादनाबरोबरच त्याच्या सार्वजनिक वाहतुकीचा आराखडा आणि भाड्याची कमाल मर्यादा निश्चित झाली नाही, तर मुंबईत जे घडले त्याचीच पुनरावृत्ती होईल. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर 2025 मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला. तो पनवेलजवळ असल्याने धाराशिवकडील प्रवाशाच्या वाटेवरच आहे. मराठवाड्यातून पनवेलमार्गे मुंबईस जाणाऱ्या एस. टी. गाड्यांपैकी रात्रीच्या निदान काही गाड्यांना तेथे थांबा असणे, ही अवाजवी मागणी नव्हे. मेट्रो मध्यरात्रीपूर्वी थांबते, परदेशी विमाने मात्र रात्रभर सुटत असतात. तेव्हा या प्रवाशाचा खरा आधार बसच आहे.

धाराशिवने स्वतःच्या अनुभवावरूनही हे ओळखावयास हवे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मार्गाची गाडी येडशीवरून जात होती, जिल्ह्याचे मुख्य ठिकाण मात्र रेल्वेविना राहिले. 2007-08 च्या सुमारास रुंदीकरणाबरोबर रेल्वे आली, पण स्थानक गावाबाहेर झाले. आता सोलापूर-तुळजापूर-धाराशिव लोहमार्गाचे काम हाती घेण्यात आले आहे, आणि 2025 मध्ये सोलापूरहून गोवा व मुंबईसाठी विमानसेवाही सुरू झाली. या सर्वांना जोडणारी वेळेवर निघणारी बस नसेल, तर स्थानक आणि विमानतळ ही नकाशावरची ठिकाणेच राहतील.

प्रत्येक विमानतळाच्या मंजुरीतच रात्रंदिवस चालणाऱ्या सार्वजनिक वाहनाची आणि त्याच्या माफक भाड्याची अट घातली गेली पाहिजे. ती पूर्ण झाल्यावाचून उद्घाटनाची फीत कापू नये. धावपट्टी कितीही लांब असो, शहराशी जोडणारी वाट ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी तो विमानतळ अपुराच आहे.