तोटा कोणाच्या खात्यात?



गेल्या अंकात खात्यावरील नामनिर्देशनाविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या दूरध्वनींत एक प्रश्न वारंवार विचारला गेला : मोबाईलमार्गे खात्यातील रक्कम चोरीस गेली, तर ती बुडाली असेच समजायचे काय? उत्तराआधी भोरमधील एक प्रसंग सांगतो.

2019 च्या पावसाळ्यात माझे एक स्नेही, भोरचे धान्यव्यापारी, वसुलीसाठी वेल्ह्याकडे गेले होते. तेथे त्यांच्या मोबाईलची रेंज गेली. तोरणा-राजगडाच्या डोंगरांत, त्यातही पावसात, रेंज जाण्याचे कोणास नवल? भोरला परतल्यावरही फोन मुकाच राहिला, तेव्हा यंत्र बिघडले असे समजून त्यांनी तो दुरुस्तीस टाकला. वस्तुतः कोणीतरी बनावट कागदपत्रांवर त्यांच्या क्रमांकाचे दुसरे सिमकार्ड काढून घेतले होते. चालू खात्यातून 1 लाख 86 हजार रुपये गेल्याचे सहाव्या दिवशी उतारा पाहताना उघड झाले.

त्यानंतरही शेठजी चार दिवस गप्प राहिले. पुढे मला म्हणाले, ‘‘साहेब, पैसे गेले ते गेले. पण माझे खाते फुटले हे पेठेत कळले, तर वेल्ह्याचा माणूस माझ्याकडे भात आणील का?’’

पतीची ही काळजी मला समजते. पस्तीस वर्षे बँकेत काढल्यावर न समजून कसे चालेल? परंतु ते चार दिवस महागात पडणार होते. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 रोजी व्यापारी बँकांसाठी आणि त्याच वर्षी 14 डिसेंबरला सहकारी बँकांसाठी परिपत्रक काढले. त्यानुसार चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा वेळी ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास त्याच्यावर काहीच भार पडत नाही. चार ते सात दिवसांत कळविल्यास लहान उद्योगाच्या चालू खात्यावर तो जास्तीत जास्त 10 हजार रुपये पडतो. सात दिवसांनंतर मात्र बँकेचे स्वतःचे धोरण लागू होते. ग्राहकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर असते. ओटीपी वा पासवर्ड आपणच कोणास सांगितला असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान आपले, कळविल्यानंतरचे बँकेचे.

शाखेने ‘मुदत संपली’ म्हणून तोंडी नकार दिला. मी परिपत्रक पुन्हा वाचले. मुदत व्यवहाराच्या तारखेपासून नव्हे, तर बँकेची सूचना ग्राहकास मिळाल्यापासून मोजायची आहे. येथे तर सूचनेचा संदेश चोराच्या हातातील सिमकार्डावर गेला होता! एवढाच मुद्दा मांडून आम्ही लेखी अर्ज दिला, पुढे बँकिंग लोकपालांकडे गेलो. पाच महिन्यांनी रक्कम जमा झाली.

येथे अर्थशास्त्र आणि कायदा यांची गाठ पडते. सिमकार्ड झटपट दिले की दूरसंचार कंपनीचा धंदा वाढतो. त्यातून होणारा तोटा मात्र बँकेच्या ग्राहकाच्या माथी येतो. ज्याच्या हाती दार बंद करण्याची शक्ती आहे, त्याच्या खिशाला झळ नसेल, तर दार उघडेच राहते.

केंब्रिज विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ रॉस अँडरसन यांनी 2001 मधील एका निबंधात हेच सांगितले. न्यूयॉर्कमध्ये 1980 साली एका स्त्रीने सांगितले की, एटीएममधून 800 डॉलर निघाले तेव्हा मी कामावर होते. न्यायालयाने यंत्राच्या नोंदीपेक्षा तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. अमेरिकेत सिद्धतेचे ओझे बँकांवर पडले आणि त्या सावध झाल्या. ब्रिटनमध्ये बँका ‘आमचे यंत्र चुकत नाही’ असेच म्हणत राहिल्या. तेथे तक्रार करणाऱ्या एका पोलीस शिपायालाच 1994 मध्ये लबाड ठरवून शिक्षा झाली. 1996 मध्ये तो अपिलात सुटला. सुरक्षेवर ब्रिटिश बँकांचा खर्च अमेरिकी बँकांहून अधिक होता, तरी फसवणूकही तेथेच अधिक झाली, असे अँडरसन यांचे निरीक्षण. तक्रारीची दखल घ्यावी लागत नसली की कर्मचारी ढिले पडतात, हे मी स्वानुभवानेही सांगू शकतो.

आपल्या पुण्यातील एका प्रकरणातही असा निवाडा झाला आहे. फसव्या ईमेलला उत्तर दिल्याने पूना ऑटो अॅन्सिलरीज या कंपनीच्या पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून 80 लाख 10 हजार रुपये गेले. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव अशा दाव्यांचे निवाडा अधिकारी असतात. त्यांनी 2013 मध्ये बँकेस 45 लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ईमेलला उत्तर देण्यात ग्राहकाची चूक होतीच; परंतु चोरांची खाती पुरेशा तपासणीविना उघडली गेली, हा बँकेचा दोष ठरला. तोटा दोघांत वाटला गेला. मला हा निवाडा व्यवहार्य वाटतो.

नाण्याची दुसरी बाजूही पाहावी लागेल. आपल्या दुकानातील उधारीची वही आता मोबाईलमध्ये आहे. त्यात गिऱ्हाइकांचे क्रमांक, पत्ते, थकबाकी असते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशी माहिती बाळगणाऱ्यावर तिच्या रक्षणाची जबाबदारी टाकली असून दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. मात्र हा दंड सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्यास त्यातून भरपाई नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील भरपाईचे कलम 43-अ वगळण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. ही उणीव मला खटकते. ज्याचे गेले त्यास काही मिळणार नसेल, तर तक्रारीसाठी दुकान बंद ठेवून पुण्यास कोण हेलपाटे घालील?

रक्कम गेल्याचे कळताच प्रथम 1930 या क्रमांकावर आणि बँकेस कळवावे, नंतर लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. शेठजींच्या गल्ल्यात त्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत अजून आहे. रेंज गेली की ते आता दुसऱ्या कोणाचा फोन मागून प्रथम स्वतःच्याच क्रमांकावर घंटी देऊन पाहतात.