काचपेटीतील हिरवी ठेव

मांजरा नदी पाटोदा तालुक्यातील बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. तरीही येथे पाणी जपूनच वापरावे लागते. म्हणून शोभेसाठी घरात पाण्याची काचपेटी ठेवावी का, हा प्रश्न रास्त आहे. मासे न पाळता केवळ वनस्पतींनीही ती सजविता येते. त्यासाठी रिक्सिया ही यकृतका उत्तम.

यकृतका म्हणजे फुले न येणाऱ्या, शेवाळीवर्गातील आदिम वनस्पती. भारतात त्यांच्या अभ्यासाचा पाया शिवराम कश्यप यांनी घातला. त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. रिक्सियाला मुळे नसतात; ती पाण्यावर तरंगते. जपानचे ताकाशी अमानो यांनी ती दगडाला बांधून पाण्याखाली वाढविण्याची रीत लोकप्रिय केली.

सपाट दगडावर पातळ थर पसरून बारीक नायलॉन दोऱ्याने बांधावा. चांगल्या उजेडात टोकांवर प्राणवायूचे मोत्यांसारखे बुडबुडे दिसतात. थर जाड झाल्यास तळ उजेडाअभावी कुजतो व गठ्ठा सुटून वर येतो. म्हणून छाटणी नियमित हवी. छाटलेले तुकडे दुसऱ्या दगडावर बांधावेत. मुद्दल शाबूत, व्याज हाती! मात्र ते ओढ्याविहिरींत टाकू नयेत. तसेच सौताड्याच्या ओल्या कड्यावरील हिरवळ खरवडून आणू नये.

४५ × ३० × ३० सेंटिमीटरच्या पेटीत सुमारे ४० लिटर पाणी मावते. दर आठवड्याला काढलेले १० लिटर कुंड्यांना घालावे. उन्हाळ्यात पेटी थंड खोलीत ठेवावी. असा हिशेब सांभाळला, तर दुष्काळी गावातही ही हिरवाई कोणाच्या वाट्याचे पाणी घेत नाही.